संत्र्याच्या तेलानं जोडलेला ट्रक

आंबिया बहाराची संत्री तुटायला लागली की सौंसरात हिवाळा नाकानं कळतो. सकाळचं धुकं असतं, बागांकडून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्यात पिवळट दिसतात, आणि गाडी दिसायच्या आधी तिच्यातल्या मालाचा वास येऊन पोचलेला असतो. बसस्टँडवर नागपूरच्या नाहीतर छिंदवाड्याच्या गाडीची वाट पाहत लोक उभ्या उभ्या संत्री सोलतात. साली तिथंच पायाशी पडतात. एखादी शेळी त्या हुंगते, शिंकते आणि पुढे जाते.

परवा माझ्या बायकोनं, कांचननं, यंदाचं पहिलं संत्रं सोललं. फोड तोंडात टाकायच्या आधी तिनं सालीचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरला आणि दुमडला. सालीतून बारीक फवारा उडाला. "यंदा तेल चांगलं हाय," ती म्हणाली. दुसऱ्या कोणाच्या घरी संत्र्याची परीक्षा अशी होत नसेल. तिथं गोडी बघतात. आम्हाला ही सवय तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यानं लावली.

मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप पाठवतात. त्यावरून मी मेणात हिरडी घडवतो, दात बसवतो, साचा करतो आणि शेवटी गुलाबी कवळी घासूनपुसून परत देतो. सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा इकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या हसण्यात माझा हात आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी मला कधी पाहिलेलं नाही. मला ते बरं वाटतं. मेण कोरायच्या सुरीनं सुळ्याची कड काढताना खोलीत कुणी नसावं आणि लांब कुठंतरी कोणीतरी भाकरी चावून खात असावं, एवढंच या धंद्यातलं सुख.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि माझा उजवा हात थरथरायला लागला. नुसता मांडीवर ठेवला तर गप्प असायचा. बारीक काम करायला गेलं की मात्र सुरीचं टोक आपल्या मनानं चालायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी मला कागदावर गोल काढायला लावला. मी काढलेल्या गोलाकडे पाहून ते म्हणाले, जिवाला धोका काही नाही, पण हा कंप पुरता जाणारही नाही. वाढेल का, असं विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. एक गोळी दिली. घरी येऊन मी कांचनला मानेची नस दबल्याचं सांगितलं. ती ब्लाउज शिवते. सुईत दोरा ओवता ओवता तिनं माझ्याकडे पाहिलं आणि "बरं," म्हणाली.

त्याच दिवसांत पांढुर्ण्याच्या रेवतकर डॉक्टरांचा फोन आला. हे दातांचे डॉक्टर. मी धंद्याला लागलो तेव्हा मला पहिलं काम त्यांनीच दिलं होतं. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाई गेल्यावर ते एकटेच राहत, आणि आता मुलीकडे बंगळुरूला कायमचे निघाले होते. "येऊन जाय एकदा," म्हणाले. "घर खाली करून राहिलो."

मी गेलो तेव्हा दिवाणखान्यात भांडी, पुस्तकं, देवांच्या तसबिरी असं सगळं जमिनीवर आलेलं होतं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि एक कपाट उघडलं. मला वाटलं औषधं असतील. आत खालपासून वरपर्यंत रंगीत खोकी होती. झाकणावर चित्रं, मोटारी, जीपा, रणगाडे, आगीचे बंब. प्लास्टिकचे सुटे भाग असलेले, घरी बसून जोडायचे जुने संच. तरुणपणी नागपूरहून आणलेले, काही परदेशी गेलेल्या भावानं पाठवलेले.

"यातले किती बांधले तुमी?" मी विचारलं.

"एकबी नाई."

"काऊन?"

"तवा वेळ नव्हता. रिटायर झाल्यावर बांधीन म्हणलं. मंग..." असे न उघडलेले संच जमवणारा कोणी नागपुरात आहे, तो सगळे घेऊन जाणार आहे म्हणाले. मग एक खोकं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. झाकणावर लांब नाकाचा ट्रक होता. इंजिन पुढे, माणूस मागे, तसला. मी लहान असताना रामाकोन्याला मामांच्या बागेत असे ट्रक यायचे. संत्री लाकडी पेट्यांत भरून, वर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालून लादायचे, आणि ट्रक निघाला की त्याचं ते नाक आधी वळणावरून दिसेनासं व्हायचं, मग हळूहळू बाकीचा देह. आता तसे ट्रक रस्त्यावर दिसतच नाहीत.

"ठेव तुले," डॉक्टर म्हणाले. "पण खोलू नको. खोललं का गेलं मोल."

बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन मी येत होतो आणि एक साधा प्रश्न डोक्यात फिरत होता. जी वस्तू जोडायसाठीच बनवली, ती न जोडता ठेवली तर ती काय असते? कांचनला हा प्रश्न पडलाच नाही. तिनं खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खोलाचं नाई तं आणला कायले? देवघरात ठेवता का?"

मी मोबाइलवर शोधून पाहिलं. जगात याच गोष्टीवर वाद घालणारे भरपूर लोक आहेत. काही म्हणतात, जुने संच बांधण्यात अर्थ नाही. साचे झिजलेले, भाग एकमेकांना भेटत नाहीत, आजचे नवे संच बोटानं टचकन बसतात, मग जुन्याशी झटापट कशाला? काही म्हणतात, न उघडलेला आहे तेवढाच जपा. आणि काही थोडे, जरा वेडे वाटणारे, म्हणतात की झटापट हीच तर मजा. मी सगळ्यांचं वाचलं. प्रत्येकाचं बरोबर वाटत होतं.

खरं सांगायचं तर निर्णय वादानं झाला नाही. टेबलावर एका आजीबाईंच्या मापाचं प्लास्टर पडलं होतं आणि त्याला हात लावायची मला भीती वाटत होती. ट्रकचं तसं नव्हतं. तो बिघडला तर कोणाची हिरडी सोलली जाणार नव्हती. माझ्या हातात किती उरलं आहे ते पाहायला ही जागा चांगली होती. मी झाकण काढलं.

आतून जुन्या वहीसारखा वास आला. भाग राखाडी प्लास्टिकचे, बारीक काड्यांच्या चौकटींना लटकलेले. मी एकेक उजेडात धरून पाहू लागलो आणि तासभर पाहतच राहिलो. कारण ही भाषा मला येत होती. साच्याचे दोन भाग नीट मिटले नाहीत की कडेनं पातळ पापुद्रा बाहेर येतो. कवळीलाही येतो, आम्ही तो घासून काढतो. इथं दारांना, चाकांना, सगळीकडे तो पापुद्रा होता. पण ट्रकच्या नाकावरच्या जाळीच्या रेघा अगदी धारदार होत्या. म्हणजे जाळीचा साचा नवा असावा आणि दारांचा जुना. कुठल्या तरी परक्या गावातल्या कारखान्यात साच्याचा एकच तुकडा मोडला असेल आणि कोणीतरी तेवढाच पुन्हा कोरला असेल. त्याचा हात चांगला होता. तो कोण, हे कळायला काही मार्ग नव्हता, तरी मी बराच वेळ त्याच्याबद्दल विचार करत बसलो. माझ्या कवळ्यांकडे असं कोण पाहणार?

खोक्यातली गोंदाची नळी दगड झाली होती. मी बाजारातला झटपट चिकटवायचा गोंद आणला. केबिनचं दार हातात धरलं, जागेवर नेलं, आणि शेवटच्या क्षणी हात हलला. दार वाकडं बसलं आणि बसलं ते बसलंच. काढायला गेलो तर कोपरा तुटला. मी सगळं टेबलाच्या एका कडेला सारलं. मला वाटलं, उत्तर मिळालं.

दुपारी कांचननं टोपलीभर संत्री आणून ठेवली. मी चिडून एक सोललं, खाल्लं, आणि त्याच हातानं ट्रकचा टप उचलून खोक्यात टाकू लागलो. बोट सुटेना. किंचित चिकटलं होतं. उजेडात पाहिलं तर गुळगुळीत टपावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. रेघा न् रेघा.

"कांचन, इकडे ये ना."

ती मशीन थांबवून आली. मी सालीचा तुकडा चौकटीच्या एका काडीवर दुमडला. बारीक थेंब पडले. थोड्या वेळानं नख लावलं तर काडी मऊ झाली होती. दोन काड्यांना सालीचं तेल लावून दाबून धरलं. सुटल्या नाहीत.

"अगो बाई," कांचन म्हणाली, "हे तं संत्र्यानं वितळून राहिलं!"

दोघांचाही जन्म संत्र्यांत गेला. साली वाळवून पाहिल्या, त्यांचा धूर केला, तोंडाला लावल्या. हे कोणालाच माहीत नव्हतं. या भागातले सगळे म्हातारे माझ्या कवळ्या घालून संत्री खातात! मी धावत जाऊन एका जुन्या कवळीवर साल पिळली आणि घड्याळ न बघता बसून राहिलो. काही झालं नाही. पुन्हा पिळली. काही नाही. आमचं प्लास्टिक वेगळ्या जातीचं. कांचन हसून हसून भिंतीला टेकली.

मग तो हिवाळा तसाच गेला. दुपारची कामं आटोपली की कांचन स्टीलच्या ताटात साली पिळायची. खाली रस बसायचा, वर तेलाचा पातळ पदर तरंगायचा. तो ती औषधाच्या ड्रॉपरनं काढून बाटलीत घ्यायची. सगळ्या संत्र्यांत तेल सारखं नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. जाड, खडबडीत सालीचं जास्त देतं, फार पिकलेलं कमी. घरात इतका वास भरला की ब्लाउज न्यायला येणाऱ्या बाया विचारायच्या, "भाभी, शरबत करून राहिल्या का?"

आणि त्या तेलाचा एक गुण माझ्या कामाचा निघाला. ते सावकाश धरतं. भाग जागेवर ठेवला, हात हलला, भाग सरकला, तरी हरकत नाही. पुन्हा ठेवा. पुन्हा हलला, पुन्हा ठेवा. संध्याकाळपर्यंत मुभा. माझा हात चुकायचा, पण चुकून परत यायचाही. दुकानातल्या गोंदानं मला हे दिसूच दिलं नव्हतं.

एकदा चाकाचा आस बसवताना हात फारच नाचायला लागला. कांचन शेजारी ड्रॉपर धरून बसली होती. तिनं ड्रॉपर खाली ठेवला.

"मानेची नस नाई ना हे?"

मी म्हणालो, नाही.

"मले दिवाळीतच समजलं होतं. चहाच्या कपावरून. तुमी सांगान म्हणून वाट पाहून राहिली होती."

"जाणार नाई म्हणते डॉक्टर."

ती उठून गेली. मला वाटलं रडायला गेली असेल. पण आत मशीन चालल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं ती एक लांबट पिशवी घेऊन आली. जाड कापडाची, आत सरकी गच्च भरलेली. कापसाच्या बिया त्या, हाताखाली जडही लागतात आणि दबतातही. तिनं ती माझ्या मनगटाखाली सरकवली आणि वरून स्वतःचा तळवा ठेवला. "आता लावा," म्हणाली. हात थांबला असं नाही. पण त्याचं नाचणं आखडलं. आस भोकात गेला.

त्या आठवड्यात मी आजीबाईंची कवळी पुरी केली. मनगट सरकीवर ठेवून, नेहमीपेक्षा कितीतरी हळू. दात बसवणं जमलं, घासणं जमलं. मात्र एकट्या दातावर बसवायच्या टोपीवरचं ते अगदी बारीक कोरीव काम मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि ते जमलं नाही. तेही कळलं.

ट्रक झाला तेव्हा एक चाक जमिनीपासून थोडं वरच राहिलं. सांगाडाच मुळात पिळलेला होता. गरम पाण्यात धरून मी तो बराच सरळ केला होता, पुरता झाला नाही. एक दार वाकडं, कोपरा तुटलेलं. नंबराचे, भिजवून चिकटवायचे कागद पाण्यात टाकताच विरघळून गेले, म्हणून ट्रकला नंबर नाही. नव्या संचाशी तुलना केली तर हा काहीच नाही. पण लांब नाक बरोबर आलं होतं. समोरून पाहिलं की ती धारदार जाळी दिसायची.

डॉक्टरांच्या जायच्या आधी तो घेऊन मी पांढुर्ण्याला गेलो. त्यांचं सामान बहुतेक गेलं होतं. एक पलंग, दोन खुर्च्या आणि ते कपाट उरलं होतं. नागपूरवाला अजून यायचा होता. मी पिशवीतून ट्रक काढून पलंगावर ठेवला. खोललाच, म्हणून रागावतील असं मला वाटत होतं. त्यांनी चष्मा लावला, खाली वाकले, ट्रकच्या उंचीला डोळे आणले.

"चाकं फिरते का?"

"तीन फिरते."

त्यांनी बोटानं ढकलून पाहिला. मग विचारलं, "वास कायचा येऊन राहिला?" मी तेलाची गोष्ट सांगितली. ती त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग ते उठले, कपाटातून एक खोकं अगदी दोन्ही हातांनी काढून आणलं. झाकणावर लाल शर्यतीची गाडी होती. भावानं पाठवलेली, सगळ्यांत लाडकी.

"खोल," म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, मोल..."

"खोल म्हणलं ना."

मी झाकण काढलं. वरच्या चौकटी ठीक होत्या. खाली एकाच पिशवीत चाकं, काच, टप आणि रबरासारखे काळे टायर होते. टायर ज्या ज्या भागाला टेकून पडले होते तो तो भाग वितळला होता. चाकांच्या कडा आत बसल्या होत्या. समोरच्या काचेवर काळं वर्तुळ खोल गेलं होतं. लाल टपाची एक बाजू डिंकासारखी होऊन पिशवीला चिकटली होती. कोणी हात लावलेला नव्हता. टायरातून काहीतरी हळूहळू निघत राहिलं असणार आणि बंद खोक्यात, अंधारात, ते आपलं काम करत राहिलं.

डॉक्टरांनी तो टप हातात घेतला. "याले मी ऊन लागू दिलं नाई," म्हणाले. "धूळ लागू दिली नाई."

मग त्यांनी तो खाली ठेवला आणि स्वतःचे हात माझ्यासमोर पसरले. बोटांची पेरं सुजलेली, एका बाजूला वळलेली. मी ते हात कितीतरी वर्षं पाहत होतो आणि पाहिलेच नव्हते.

"रिटायर झालो तवाच असे झाले होते," ते म्हणाले. "खोललं असतं तं समजलं असतं ना, का आपल्याच्यानं होत नाई. बंद होतं तं वाटे, होईल." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुझा हात कवापासून हालते?"

मी सांगितलं. दिवाळीपासून. काय जमतं, काय जमत नाही, सरकीची पिशवी, सगळं. धंद्यातल्या माणसाला पहिल्यांदाच सांगत होतो.

"मी दात काढणं कमी केलं तवा कोणाले कारण सांगतलं नाई," ते म्हणाले. "लोक म्हणे, डॉक्टर आळशी झाला. ते चाललं मले. तू सांगून टाक. जे होते थे कर, जे नाई होत थे सांगून टाक."

निघताना कपाटातलं एक खोकं त्यांनी बाजूला काढून ठेवलेलं मी पाहिलं. साधी बंद टपाची मोटार होती. "हे नागपूरवाल्याले नाई देत," म्हणाले. मी खिशातून तेलाची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

मी काम पाठवणाऱ्या डॉक्टरांना सांगून टाकलं. सगळ्यांना, फोन करून. टोप्यांचं काम यापुढे घेणार नाही, पुऱ्या कवळ्या आणि दुरुस्ती करीन, वेळ जास्त लागेल. एका डॉक्टरांनी त्या दिवसापासून काम पाठवणं बंद केलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, पण त्यांच्या दवाखान्यावरून जाताना अजून जड वाटतं. बाकीच्यांनी पाठवलं. कमी, पण पाठवतात. कंप थोडा वाढला आहे. सरकीची पिशवी कांचननं दोनदा नवी केली.

जुने संच बांधावेत का, हे मला कोणी विचारलं तर अजून नीट सांगता येत नाही. चांगली गाडी हवी असेल तर नवा घ्या. जुना उघडला तर काय निघेल ते कळत नाही, एवढं खरं. मला तेच पाहायचं होतं.

काल दुपारी मी एक कवळी घासत होतो तेव्हा बंगळुरूहून फोन आला. रेवतकर डॉक्टरांचा आवाज खोल गेला आहे, पण काल तो वेगळाच होता.

"सुधाकर, मोटार झाली माही. आज झाली."

"तीन वर्षं लागले, डॉक्टरसाहेब!"

"बोटं चालते तवा चालते. ऐक. सगळं लावलं, टप लावला, दारं लावले, आणि आता पाहतो तं स्टिअरिंग ताटात पडून हाय. कवा लावाचं होतं थे?"

"टपाच्या आधी."

मग म्हणाले, "मंग आता?"

"आता टप खोला."

"मोडंल ना बापा."

"मोडू द्या," मी म्हणालो. "मी फोन चालू ठेवतो."

त्यांनी फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग लांबून प्लास्टिकचा एक बारीक कडकन आवाज आणि त्यामागून त्यांचं हसणं.